एकाहत्तरीतलं कर्ज

एका क्रेडिट कार्डाची उधारी दुसऱ्या बिनव्याजी कार्डावर ढकलायची, तिथली दीड वर्षाची सवलत संपली की तिसऱ्यावर. अशी याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्यात अमेरिकेतल्या टोलेडोच्या व्हर्ननची निवृत्ती मजेत चालली होती. बायको लोरेन मात्र कानीकपाळी ओरडायची, "घराचं कर्ज नव्याने घे, ही सगळी देणी त्यात टाक आणि सूट एकदाचा." शेवटी तिने त्याला ओढतच बँकेत नेलं.

टेबलामागच्या मुलीने कागद पुढे सरकवले. "मुदत तीस वर्षं, सर."

"अगं, मी एकाहत्तरचा आहे."

"वय आम्ही बघत नाही. पेन्शन बघतो."

व्हर्ननने बोटांवर काहीतरी मोजलं आणि सही ठोकली.

गाडीत बसल्यावर लोरेनला राहवेना. "इतकी वर्षं नाही म्हणत होतास. आज व्याजसुद्धा विचारलं नाहीस?"

"कार्डवाले दीड वर्षापुढचा भरवसा धरत नाहीत," पट्टा लावत व्हर्नन म्हणाला. "हृदयाचा डॉक्टर तर तेवढाही धरत नाही. या पोरीने तीस वर्षं दिली. तीही लेखी."