तीन दिवसांची मुदत

घरोघरी सोलर पॅनल विकायचा परवाना त्याला नुकताच मिळाला होता. परीक्षेसाठी घोकलेला नियम डोक्यात पक्का बसला होता: गिऱ्हाइकाला आधी तोटे सांगायचे आणि सौदा मोडायला तीन दिवस द्यायचे. दंतवैद्य मैत्रिणीला लग्नाचं विचारतानाही त्याची जीभ त्याच वळणावर गेली.

"मी घोरतो. आभाळ भरून आलं की माझा मूड जातो. आईला विचारल्याशिवाय मी साधी चप्पल घेत नाही. आणि हो म्हणालीस, तरी तीन दिवसांत मोडू शकतेस."

"बरं, फायदे?"

"ते परीक्षेला नव्हते."

ती हसत हसत "हो" म्हणाली आणि गेली. मग तीन दिवस फोन नाही, मेसेज नाही.

चौथ्या दिवशी सकाळीच ती दारात हजर.

"मुदत संपली! आता तुझ्या आईने मागितला, तरी माल परत मिळणार नाही."