मॅडमचं स्टूल

मिनलनं मध्येच पियानोवरून हात उचलले आणि ती उठून उभी राहिली.

हॉलमधले पालक पुढे झुकून बघू लागले. चिंचवडच्या उन्हाळी पियानो वर्गाचा हा शेवटचा दिवस. पुण्याच्या कार्यक्रमात वर्गातल्या एकालाच वाजवायला मिळणार होतं, आणि ते कोण, हे आज नेहा मॅडम ठरवणार होत्या. मिनलचे बाबा रविराज चाकणच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. आज रजा टाकून आले होते, पण अंगात कंपनीचाच शर्ट. लेक उठलेली पाहिली आणि कारखान्यातली लाइन बंद पडल्यासारखे ते खुर्चीतून अर्धे उठले.

“बस खाली!” ते दबक्या आवाजात म्हणाले. तो दबका आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

“बाबा, मनगट दुखतंय. स्टूल फार खाली आहे.”

“बाकीच्यांनी त्यावरच वाजवलं ना? जरा अ‍ॅडजस्ट कर की!”

पालकांनी माना डोलावल्या. कंपनीच्या बसमध्ये दोघांच्या सीटवर तिघं बसणारी ही माणसं. अ‍ॅडजस्ट करणं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आधी वाजवून गेलेल्या स्वरूपाची आजी कौशल्याबाई तर आनंद लपवण्याच्याही भानगडीत पडल्या नाहीत. “आमची पोर बघा,” त्या शेजारणीला म्हणाल्या, “खांदे कानाला लागले, तोंड लालेलाल झालं, पण हटली न्हाई.”

सकाळी नेहा मॅडमनी स्वतः थोडं वाजवून दाखवलं होतं. त्या चांगल्या उंच. स्टूल त्यांनी आपल्या मापानं खाली केलं, ते तसंच राहिलं. मॅडमच्या बसायच्या जागेला हात कोण लावणार? एकेक पोर आली, घसरगुंडीच्या तळाशी बसल्यासारखी बसली, वाजवून मनगट चोळत गेली.

मिनलनं स्टूल वर घ्यायला त्याची मूठ धरली आणि फिरवली. ती अशी करकरली की रविराजांनी डोळे मिटले. मग मिनल बसली, मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवल्याप्रमाणे कोपर पट्ट्यांच्या पातळीला आलं का ते पाहिलं, खांदे सैल सोडले आणि पहिल्यापासून वाजवलं. दोनदा चुकलीसुद्धा.

“पुण्याला मिनल जाईल,” नेहा मॅडम म्हणाल्या.

कौशल्याबाई ताडकन उठल्या. “ओ मॅडम, ही तर मधनंच उठली! वर चुकली बी!”

“त्यांचं बरोबर आहे, मॅडम,” रविराज चोरट्यासारखे म्हणाले. लेकीचं नाव निघालं होतं, तरी हिशेब त्यांना पटेना. “बाकीच्या पोरांनी दुखलं तरी शेवटपर्यंत वाजवलं.”

“हो ना,” नेहा मॅडम म्हणाल्या. “म्हणूनच ती सगळी नापास.”