चेटकिणीची पिसं

फोन बायकोचा होता आणि ती गच्चीत कपडे वाळत घालत होती, म्हणून चित्रकाराने तो उचलला. हॅलो म्हणायच्या आत पलीकडून संपादकबाई सुरूच झाल्या.

"ताई, तुमचा होकार वर कळवला हं! मालिकावाले जाम खूश आहेत. चौथं पुस्तक पहिल्या पानापासून तुमच्या एकटीचं. आणि ऐका, चेटकिणीचा तो पिसांचा झगा त्यांनी खरोखरचा शिवायला टाकलाय. पुढच्या भागांत ती तोच घालणार! फक्त घरी यजमानांना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा बाई, मला त्यात ओढू नका."

त्याने फोन खाली ठेवला. आपण कुणाशी बोललो, हे बाईंना कळलंच नव्हतं.

टीव्हीवरच्या त्या परीकथांच्या मालिकेवर दोन चित्रकादंबऱ्या निघाल्या होत्या, तिसरी संपत आली होती. तो पेन्सिलीने चित्रं काढायचा, बायको त्यावर शाई चढवायची. जिथे नुसता अंधार हवा तिथे तो फुली मारून ठेवायचा. म्हणजे, इथे काळं भर. चेटकिणीच्या अंगावरही त्याने फुलीच मारली होती. हिने तिथे एकेक करून कावळ्याची पिसं काढली. "रिकामटेकडी कुठली!" म्हणून तो हसला होता. पुढे वाचक त्या पिसांवर लट्टू झाले, तेव्हा मात्र ते कौतुक त्याने गुपचूप खिशात घातलं होतं.

रिकामी बादली घेऊन ती आत आली. "कुणाचा फोन?"

"बँकेचा. कर्ज हवंय का म्हणे."

तिने फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ओले हात शर्टाला पुसले.

टेबलावरचं शेवटचं पान त्याने उचलून उजेडात धरलं. "राजकन्येचं मनगट जाड करून ठेवलंस. आणि पिसं किती ती! जंगल कुठे संपतं आणि बाई कुठे सुरू होते, पत्ता नाही."

"सकाळी तर छान म्हणालास."

"सकाळी नीट बघितलं नव्हतं."

ती टेबलाजवळ आली. "अरे, तुला एक सांगायचंय."

"आधी हे पान पुरं कर. मग काय ते सांग."

ती खुर्चीत बसली आणि पानावर खोडरबर फिरवू लागली. शाई वाळली की खालची पेन्सिल पुसायची, हे तिचं नेहमीचंच काम. तो शेजारी उभा राहून ते आज पहिल्यांदाच बघत होता. त्याने काढलेलं कपाळ गेलं, मनगट गेलं, झाडं गेली. त्याच्या रेघा एकामागून एक निघून चालल्या होत्या आणि चित्राला काहीच होत नव्हतं.

कागद सरकायला लागला. "जरा धर ना तिकडून," मान वर न करता ती म्हणाली.

त्याने कोपरा दाबून धरला. तिने पानावर फुंकर मारली. करडा चुरा उडून त्याच्या हातावर पडला.