जिभेखालची चकती

"भाजी भुशासारखी लागतेय," म्हणत प्रमिलाताईंच्या मुलाने राजगिऱ्याची भाजी बाजूला सारली. जिभेखाली चकती बसवल्यापासून सगळ्यांचंच असं झालं होतं. अंगात जे कमी असेल तेवढंच चविष्ट लागायचं. मुलाच्या रक्तात लोह भरपूर होतं.

"आमच्या ऋजुताचे असले नखरे नाहीत," वाढणाऱ्या सुनेकडे बघत प्रमिलाताई पाहुणी म्हणून आलेल्या बहिणीला, सुनंदाला, कौतुकाने म्हणाल्या. "सगळ्यांचं झालं की बसते. उरलंसुरलं काहीही असो, मिटक्या मारत खाते."

सुनंदाचा घास हातातच राहिला. "काहीही? ताई, म्हणजे हिच्या अंगात काहीच पुरेसं नाही गं!"

प्रमिलाताईंचा चेहरा उतरला. लग्नापासून हेच कौतुक त्या गावभर सांगत आल्या होत्या. आता मुलगाही मान खाली घालून बसला होता.

त्या अर्ध्या जेवणावरून उठल्या. ऋजुताच्या हातातलं भांडं घेऊन त्यांनी तिला पाटावर बसवलं आणि ताजं पान वाढलं.

"आई, तुमचं व्हायचंय ना अजून?" ऋजुता कावरीबावरी होऊन म्हणाली.

"जेव बाळा," एवढंच प्रमिलाताई कसंबसं बोलल्या. ती भराभरा जेवू लागली, तेव्हा मात्र त्यांना तिच्याकडे बघवेना.