बाहेरून आलेली ओळख

सकाळपासून ऑफिसचा सर्व्हर बाहेर विचारणाच पाठवत नव्हता. डोक्यातल्या चिपला माणसांच्या ओळखी तोच पुरवायचा. आठवडाभरात ज्यांची आठवण काढली, ती माणसं त्याच्याजवळ साठलेली असत. बाकीची बाहेरून मागवावी लागत.

निरंजन तो दुरुस्त करत बसला होता, तेवढ्यात एक म्हातारी डबा घेऊन टेबलाशी आली.

"कोण हवंय आपल्याला?"

तिचा चेहराच पडला.

निरंजनने विचारणा पाठवायचा चुकलेला पत्ता बदलला आणि ओळख आली. त्याला लहानाचं मोठं करणारी आत्या.

"सर्व्हर बंद होता गं," तो पुटपुटला.

"असेल बाबा," डबा ठेवत ती म्हणाली.

शेजारची मंजिरी मात्र मान वर करेना. मघाशी, बाहेरची विचारणा बंद असतानाच, तिच्या सासूबाई आल्या होत्या. तिने त्यांना लांबूनच हाक मारली होती.