प्रिंटर उपलब्ध नाही

टॅबलेटने पुन्हा तेच सांगितलं. प्रिंटर उपलब्ध नाही.

"नाही कसा? हा काय, समोर बसलाय ठोंब्यासारखा!" सिस्टर टॅबलेटवर खेकसल्या आणि छापायचं बटण परत दाबलं.

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. टॅबलेट मुलाने दिलेला, नवाकोरा. प्रिंटर त्याच मुलाच्या कॉलेजच्या दिवसांतला, पिवळा पडलेला, कागद ओढताना कण्हणारा. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. आणि पाच वाजता मुलगा घर बघायला गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

घर सिस्टरांचं. त्यांच्या नावावर, त्यांच्या पगारातून उभं राहिलेलं. मुलाचा बेत पक्का होता: हे विकायचं आणि आईला आपल्याकडे अकराव्या मजल्यावर न्यायचं. पोराचा आईवर जीव होता, त्यात वाद नाही. फक्त तिला विचारायचं तेवढं राहून गेलं. "मला यायचं नाही," असं सिस्टरांनी दोनदा सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघू गं आई." मग गेल्या आठवड्यात त्यांनी 'हे घर विकायचं नाही' असं कागदावर लिहून दाराला चिकटवलं. पोराने हसतहसत तो कागद काढला आणि घडी करून डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवला.

सिस्टरांना त्याचं नवल वाटलं नाही. उभा जन्म वॉर्डात गेलेला. हाताने लिहिलेल्या सूचनेला तिथे कुणी भीक घालत नसे. 'चपला बाहेर काढा' हे त्यांनी खडूने लिहिलं, पेनाने लिहिलं, लाल शाईने लिहिलं. लोक खुशाल बुटांसकट आत. मग एकदा तेच छापून लावलं, तर मोठे डॉक्टरसुद्धा दाराशी वाकून नाड्या सोडायला लागले! तेव्हा सूचना छापलेलीच हवी. चांगल्या ठसठशीत अक्षरांत.

त्यांनी टॅबलेट प्रिंटरच्या डोक्यावर ठेवून पाहिला. खिडकीत नेऊन पाहिला. प्रिंटर बंद केला, चालू केला, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दर वेळी बटण दाबलं आणि दर वेळी तेच उत्तर. शेवटी नाइलाजाने मुलालाच फोन लावला.

"आई, मी गाडीत आहे. मंडळी बरोबर आहेत. काय छापायचंय एवढं?"

"सूचना."

"कसली सूचना?"

"आलास की वाच. आधी हे सांग, हा मेला छापत का नाही?"

"अगं, जुना झालाय तो. टाकून दे. त्याच्यात आता काही राम नाही."

सिस्टरांनी फोन ठेवला. डोक्यात सणक गेली. जुनं झालं की टाकून द्यायचं! घर काय, प्रिंटर काय! "तू छापल्याशिवाय मी तुला सोडत नाही," त्यांनी प्रिंटरला बजावलं, बाह्या सरसावल्या आणि बोट दुखेपर्यंत बटण दाबत राहिल्या.

पाचला बेल वाजली. दार कोरंच राहिलं होतं.

आलेले नवरा-बायको भले होते. ती भिंतींवरून हात फिरवत होती, तो नळ सोडून बघत होता. मुलगा उत्साहाने इकडचा उजेड, तिकडचा वारा दाखवत होता. "आणि आई तर एका पायावर तयार आहे," तो म्हणाला. सिस्टरांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. परक्यांसमोर पोटच्या पोराला तोंडघशी कसं पाडायचं?

तेवढ्यात मुलाचं लक्ष प्रिंटरकडे गेलं. "अजून यालाच धरून बसलीस? सरक जरा." तो वाकला. "अगं, मागे आपण इंटरनेटचा डबा बदलला ना! हा बसलाय जुन्यालाच शोधत." त्याने प्रिंटरच्या पाठीवरचं एक बटण दाबून धरलं, मग डब्यावरचं एक. हिरवा दिवा लागला. मुलगा पाहुण्यांकडे वळून हसला. "जुनं असलं तरी नीट समजावलं की ऐकतं."

प्रिंटर कण्हला. पहिला कागद बाहेर आला. मुलाने तो ऐटीत उचलला, वाचला आणि त्याचा चेहरा पडला. दुसरा आला, तो बाईने घेतला. तिसरा जमिनीवर पडला, चौथा त्याच्यावर. नवऱ्याने वाकून मोठ्याने वाचलं, "हे घर विकायचं नाही. मालकीण."

मुलाने घाईघाईने प्रिंटर बंद करायला हात पुढे केला. सिस्टरांनी त्याचं मनगट धरलं, वॉर्डात सलाइन उपटायला निघालेल्या पेशंटचं धरायच्या तसं. आता आवाजही फुटला.

"राहू दे चालू," त्या म्हणाल्या. "अजून पुष्कळ यायचेत. मी दुपारपासून पाठवतेय."