हलकं की मजबूत

म्हसावदच्या सायकलीच्या दुकानात म्हातारा जेठ्या बराच वेळ चाकं निवडत होता. गिअरच्या सायकलीचं एकेक चाक उचलायचा, खांद्यावर ठेवायचा, दोन पावलं चालून बघायचा. दुकानदार हेमकांतला हसू आवरेना.

“बाबा, चाक फिराईसन देखतस, खांदावर लिसन नही. तुन्ही सायकल कोनती शे?”

“सायकल नाय, भाऊ. बांबूच्या झोळीला लावायची. धडगावच्या वर डोंगरात आमचा पाडा. सुनेचे दिवस भरत आले, गाडी येते तिथवर तिला न्यायची. झोळीला चार खांदे लागतात. पोरं सगळी गुजरातला ऊस तोडायला गेली. आता मी आणि म्हातारीच.”

हेमकांतचं हसू गेलं. “मंग चाक खांदावर कसाले?”

“मधे नदी लागते. तिथं चाकांसकट उचलायची ना तिला.”

हेमकांतनं आतून हलक्या चाकांची जोडी आणली आणि स्वतःच पुसून त्याच्यापुढे ठेवली. “हाई ली जाय, बाबा. दगडस्वर जास्त दिन टिकाव नही, पन तुले एकच खेप करनी शे.”

जेठ्यानं ती हातात तोलून पाहिली. मग खाली ठेवली आणि कोपऱ्यातली जड जोडी खांद्यावर घेतली. उचलताना तो कमरेत वाकला.

“हीच दे, भाऊ. घरात नात पण आहे. यंदाच अंगणवाडीत घातली. तिचे दिवस भरतील तेव्हाही हीच लागतील.”